विश्लेषण : तापानंतर ‘डी-डायमर’ वाढला म्हणजे काय? रक्ताच्या गुठळीचे कोडे सोडवणारे रुडॉल्फ फिरखो कोण होते?

करोनाची दुसरी लाट राज्यात ज्या भागांत सर्वात आधी जाणवली, त्यांत अमरावती आणि अकोला हे जिल्हे होते. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली. अकोल्यासह शेजारच्या जिल्ह्यांतही निर्बंध आले. त्या दिवसांत वऱ्हाडातल्या अनेक घरांना एक नवा शब्द माहीत झाला, ‘डी-डायमर’. लाट ओसरली, पण हा शब्द गेला नाही. फ्लू, डेंग्यू किंवा करोनातून उठलेल्या रुग्णाच्या अहवालात हा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि घरचे घाबरतात. कुणी लगेच रक्त पातळ करणारी गोळी सुरू करते, तर कुणी ताप उतरला म्हणून पायावरची सूज अंगावर काढते. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. त्या का, हे समजून घ्यायचे तर सुमारे १८० वर्षांपूर्वी बर्लिनच्या शवविच्छेदनगृहात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरकडे जावे लागते.

डी-डायमर चाचणी नेमके काय मोजते?

जखम झाली की रक्त वाहून जाऊ नये म्हणून शरीर गुठळी तयार करते. यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन रक्तात विरघळलेले असते. गरज पडली की थ्रॉम्बिन त्याचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. हे धागे एकमेकांत गुंफून जाळे होते आणि त्यात रक्तपेशी अडकतात. काम संपले की प्लाझ्मिन हे विकर ते जाळे कापून काढते. कापलेल्या जाळ्याचा जो तुकडा रक्तात सापडतो, तो डी-डायमर.

म्हणजे हा आकडा फक्त एवढेच सांगतो की शरीरात कुठेतरी गुठळी बनली आणि विरघळली. ती पायात बनली, फुप्फुसात बनली की सुजलेल्या ऊतींमध्ये सूक्ष्म प्रमाणात बनली, हे तो सांगत नाही. कारणही सांगत नाही. कुठे आणि का, हे दोन प्रश्न डॉक्टरला रुग्णाकडे पाहूनच सोडवावे लागतात. वैद्यकात हे दोन प्रश्न नीट मांडण्याचे मोठे श्रेय रुडॉल्फ फिरखो यांना जाते.

फिरखो कोण होते?

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती करत आणि नगराच्या खजिन्याचा हिशेब पाहत. घरची स्थिती बेताची होती. लष्करी डॉक्टर घडवणाऱ्या बर्लिनमधील संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली म्हणून १८३९ मध्ये त्यांना वैद्यकीय शिक्षण घेता आले. १८४३ मध्ये पदवी मिळाली आणि ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रुजू झाले. तिथे रॉबर्ट फ्रोरीप यांच्या हाताखाली त्यांच्याकडे शवविच्छेदनाचे काम आले.

त्या काळी आजाराची कारणे सांगताना तर्काला फार मोठी जागा होती. रक्त बिघडले, शरीरातील द्रवांचा तोल गेला, अशी उत्तरे पुरेशी मानली जात. फिरखो यांनी वेगळी वाट धरली. रुग्ण जिवंत असताना काय दिसले, मृत्यूनंतर शरीरात काय सापडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते, या तिन्ही गोष्टी जुळवून पाहायच्या, ही त्यांची पद्धत होती. याच पद्धतीने १८४५ मध्ये त्यांनी पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. एडिंबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनीही त्याच सुमारास असाच रुग्ण नोंदवला होता. या आजाराला ल्युकेमिया हे नाव मात्र फिरखो यांनी दिले.

गुठळीचा प्रवास त्यांनी कसा शोधला?

शिरेचा दाह हेच बहुतेक आजारांचे मूळ आहे, असे फ्रान्सचे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झाँ क्रुव्हेलिए यांचे मत होते. शीर सुजते आणि म्हणून तिथे रक्त गोठते, असा त्यामागचा विचार. फ्रोरीप यांनी हे मत तपासण्याचे काम फिरखो यांना दिले.

फिरखो यांना शवविच्छेदनात फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत गुठळ्या सापडत. पण त्याच ठिकाणी धमनीच्या भिंतीला दाह झालेला असेलच असे नव्हते. मग गुठळी तिथे आली कशी? त्यांनी पायाच्या आणि ओटीपोटाच्या शिरा उघडून पाहिल्या. अनेकदा तिथेही गुठळी होती, आणि काही वेळा तिचे तुटलेले टोक फुप्फुसातील तुकड्याशी जुळत होते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की गुठळी शिरेत तयार होते, तिचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर हृदयातून पुढे जातो आणि फुप्फुसात अडकतो.

तर्कावर थांबायचे नाही म्हणून त्यांनी प्रयोग केले. कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे आणि गोठलेल्या रक्ताचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतात हे दाखवले. फुप्फुसाच्या धमनीत अडकणाऱ्या गुठळ्यांवरचा त्यांचा निबंध १८४६ मध्ये आला, तेव्हा ते २५ वर्षांचेही नव्हते. जागेवर बनणाऱ्या गुठळीला ‘थ्रॉम्बोसिस’ आणि वाहून जाऊन दुसरीकडे अडकणाऱ्या गुठळीला ‘एम्बोलिझम’ हे शब्द त्यांनीच रूढ केले. अमरावतीचे इर्विन रुग्णालय असो की अकोल्याचे सर्वोपचार, पोटरी सुजलेल्या रुग्णाला दम लागला तर डॉक्टर आधी छातीचा विचार का करतात, याचे उत्तर या शोधात आहे.

‘फिरखो यांची त्रयी’ म्हणजे काय?

१८५६ मध्ये फिरखो यांचे संकलित निबंध प्रसिद्ध झाले आणि त्यात गुठळ्यांवरचे सविस्तर लेखन होते. पुढच्या पिढ्यांनी त्यातून तीन कारणांची मांडणी केली. तिलाच आज फिरखो यांची त्रयी म्हणतात. हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने रूढ झाले.

पहिले कारण म्हणजे रक्ताचा प्रवाह मंदावणे. पाटाचे पाणी संथ झाले की गाळ बसतो, तसेच काहीसे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, प्लास्टरमधला पाय, अमरावतीहून पुण्याला ट्रॅव्हल्सने रात्रभर पाय न हलवता केलेला प्रवास, ही याची उदाहरणे. दुसरे कारण म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा. तिसरे म्हणजे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. गर्भारपण, प्रसूतीनंतरचे आठवडे, कर्करोग, काही हार्मोनच्या गोळ्या आणि काही आनुवंशिक दोष यांत ती वाढते. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यासारख्या शहरात ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

विषाणूसंसर्गात ही तिन्ही कारणे एकत्र कशी येतात?

फिरखो यांच्या उमेदीच्या काळात विषाणू ही कल्पनाच नव्हती. जिवाणूंपेक्षाही सूक्ष्म असे रोगकारक असतात, हे १८९० च्या दशकात तंबाखूच्या पानांवरील रोगाच्या अभ्यासातून पुढे आले. तरीही त्यांची त्रयी करोनाला अचूक लागू पडली.

संसर्ग तीव्र असेल तर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. शरीराच्या प्रतिकारामुळे दाह वाढतो आणि यकृत नेहमीपेक्षा जास्त फायब्रिनोजेन तयार करते. रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. त्यात रुग्ण दिवसेंदिवस पडून असतो, जेवण आणि पाणी कमी होते. तिन्ही दारे एकाच वेळी उघडतात. म्हणून गंभीर करोनात रुग्णालयात दाखल रुग्णांना हेपॅरिनसारखी औषधे देणे नेहमीचे झाले.

आजार बरा झाल्यावरही आकडा काही काळ वर राहू शकतो. डब्लिनमध्ये करोनातून बरे झालेल्या १५० जणांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांत चार महिन्यांपर्यंत डी-डायमर वाढलेला आढळला. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रुग्णालयात राहून आलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. स्वीडनमध्ये १० लाखांहून अधिक करोनाबाधितांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसले की पायातील गुठळीचा वाढीव धोका तीन महिन्यांपर्यंत आणि फुप्फुसातील गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत राहतो. सौम्य आजार झालेल्यांत हा धोका कमी, तर गंभीर आजार झालेल्यांत बराच जास्त होता.

सायलेशियाच्या साथीने फिरखो यांना काय शिकवले?

फिरखो यांचे आयुष्य प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. १८४७-४८ च्या हिवाळ्यात अप्पर सायलेशियात दुष्काळ पडला आणि मागोमाग टायफसची साथ आली. सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्यांत फिरखो होते. फेब्रुवारी आणि मार्च १८४८ मध्ये सुमारे तीन आठवडे ते खेड्यापाड्यांत फिरले. ओल्या, कोंदट झोपड्या, अन्नाची टंचाई, पोलिश बोलणाऱ्या जनतेला न कळणाऱ्या जर्मन भाषेतला कारभार, हे सारे त्यांनी पाहिले.

सरकारला औषधांची यादी अपेक्षित असावी. फिरखो यांनी अहवालात शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा, करांचा न्याय्य बोजा, लोकांच्या भाषेत कारभार आणि लोकशाही यांची शिफारस केली. साथीत कोण मरतो हे बऱ्याच अंशी गरिबी ठरवते, हे त्यांचे म्हणणे होते. बर्लिनला परतताच ते मार्च १८४८ च्या क्रांतीत उतरले आणि वैद्यकीय सुधारणांसाठी साप्ताहिक चालवू लागले. क्रांती फसली. १८४९ मध्ये सरकारने त्यांच्यावर कारवाई केली आणि त्यांना बर्लिन सोडून व्युर्झबुर्ग विद्यापीठात जावे लागले.

सात वर्षांनी, १८५६ मध्ये, बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. १८५८ मध्ये पेशींच्या विकृतीवरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपात आली. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि आजार हा मुळात पेशींतला बिघाड असतो, हा विचार त्यांनी जगभर पोहोचवला. पेशीविभाजनाबाबत रॉबर्ट रेमाक यांनी आधीच केलेल्या कामाचे श्रेय मात्र त्यांनी पुरेसे दिले नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो.

१८५९ पासून ते बर्लिनच्या नगरपालिकेत होते. शहराच्या सांडपाणी योजनेमागे त्यांचा आग्रह होता. मांसाची सक्तीची तपासणी व्हावी म्हणूनही ते झगडले. संसदेत लष्करी खर्चावरून त्यांनी बिस्मार्क यांना इतके घेरले की १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते स्वीकारले नाही.

इतका मोठा शास्त्रज्ञ चुकला कुठे?

आधी पाहा, मग बोला, हा नियम घालून देणारे फिरखो स्वतः तो प्रत्येक वेळी पाळू शकले नाहीत. प्रसूतीनंतरच्या तापाबाबत, डॉक्टरांनी हात धुतले तर माता वाचतील, हे इग्नाझ सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी दीर्घकाळ मान्य केले नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्येच क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला, तेव्हाही फिरखो साशंक राहिले. आजाराचे मूळ पेशीत आणि समाजात शोधणाऱ्या माणसाला बाहेरून येणारा जंतू पटकन पटला नाही. निअँडरथल मानवाची कवटी प्राचीन मानवाची नसून आजारी माणसाची आहे, असेही मत त्यांनी १८७२ मध्ये दिले होते. तेही चुकीचे ठरले.

एकाच खुणेवरून सगळे ठरवले की जाणकारही चुकतो, हे या उदाहरणांत दिसते. डी-डायमरच्या बाबतीत आज नेमकी हीच चूक घडते.

वाढलेला आकडा कसा वाचायचा?

आधी एकक पाहावे. बहुतेक प्रयोगशाळा ‘एफईयू’ या एककात ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरतात. काही ठिकाणी तीच ०.५ मायक्रोग्रॅम अशी छापतात. म्हणजे एका अहवालातील ०.६ आणि दुसऱ्यातील ६०० हे एकच असू शकते. ‘डीडीयू’ हे एकक वापरले असेल तर आकडा साधारण निम्मा येतो. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून वाढले की घटले हे ठरवू नये.

वयानुसारही आकडा वाढतो. गुठळीची शक्यता तपासताना पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरण्याची पद्धत आहे. त्यानुसार ७० वर्षांच्या व्यक्तीसाठी ७०० एफईयू ही मर्यादा होते. गर्भारपण, शस्त्रक्रिया, मार, न्यूमोनिया, यकृताचे आजार, कर्करोग यांतही डी-डायमर वाढतो.

या चाचणीचा खरा उपयोग गुठळी नाही हे सांगण्यासाठी होतो. लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असेल आणि आकडाही मर्यादेत असेल, तर गुठळी बहुधा नाही. आकडा वाढलेला असेल तर मात्र गुठळी आहेच असे नाही. शंका असल्यास पायाची डॉपलर सोनोग्राफी किंवा छातीची सीटी अँजिओग्राफी करून गुठळी प्रत्यक्ष पाहावी लागते. फिरखो शवविच्छेदनात जे उघडून पाहत, ते आज जिवंत रुग्णात पाहता येते.

लक्षणे नसताना केवळ आकडा वाढला म्हणून रक्त पातळ करणारी औषधे सरसकट घेऊ नयेत. त्यांनी पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यूमध्ये तर प्लेटलेट कमी झालेल्या असतात. अशा वेळी मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे जिवावर बेतू शकते. ज्यांना डॉक्टरांनी ही औषधे आधीच दिली आहेत, त्यांनी ती मनाने बंदही करू नयेत.

कोणती लक्षणे दिसली तर वाट पाहू नये?

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, ती जागा गरम किंवा लालसर होणे, ही पायातील गुठळीची लक्षणे असू शकतात. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीतून रक्त पडणे, छाती धडधडून घेरी येणे, ही फुप्फुसातील गुठळीची. चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे हे पक्षाघाताचे लक्षण आहे. यातले काहीही दिसले तर डी-डायमरच्या अहवालाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. मेळघाटातल्या पाड्यावरून किंवा अकोट, तेल्हाऱ्याच्या खेड्यातून शहर गाठायला वेळ लागतो, म्हणून तिथे निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो.

लक्षणे नसतील तर आजारातून उठल्यावर घरात थोडे थोडे चालणे, पुरेसे पाणी पिणे, लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करणे आणि डॉक्टरांनी सांगितले तरच पुन्हा चाचणी करणे पुरेसे असते.

फिरखो यांचा शेवट कसा झाला?

ऑक्टोबर १९०१ मध्ये फिरखो यांचा ८० वा वाढदिवस थाटात साजरा झाला. ४ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यानंतर प्रकृती सावरली नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

गुठळीचे कारण सांगणाऱ्या या माणसाच्या हयातीत तिच्यावर औषध नव्हते. हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये लागला, तोंडाने घ्यायचे वॉरफेरिन १९५० च्या दशकात माणसांसाठी वापरात आले आणि डी-डायमरची चाचणी त्यानंतरची. आज वृद्ध व्यक्तीचे मांडीचे हाड मोडले तर शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करतात, गुठळी होऊ नये म्हणून काही दिवस इंजेक्शन किंवा गोळी देतात आणि बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करतात. पडून राहणाऱ्या माणसाचे रक्त संथ होते आणि संथ रक्त गोठते, हे फिरखो यांच्या कामातून आलेले साधे ज्ञान त्यामागे आहे. तापातून उठलेल्या घरातल्या माणसालाही ते तितकेच लागू पडते.